दोघांची सावड

राई गावच्या श्रीपती भोईराला कुणी विचारलं, की बाबा रे, तू एकटा जीव, शेती कशाला करतोस, तर तो म्हणायचा, घरचा तांदूळ बरा लागतो. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एका माणसाला वर्षाला तांदूळ लागणार तो किती. उरलेला तो भाईंदर पूर्वेला मुलाच्या घरी पोचवायचा, आणि सुनेच्या डब्यात त्याला पोरकिडे व्हायचे, कारण त्या दोघांना बाजारातला पांढरा बारीक तांदूळच आवडे. श्रीपतीला ते माहीत होतं. तरी दर आषाढात त्याची लावणी चुकत नसे.

खरी गोष्ट अशी की त्याला ओढ लावणीची नव्हती आणि कापणीचीही नव्हती. त्याला ओढ होती वैशाखाची, जेव्हा शेतात काहीच नसतं तेव्हाची.

काहीच नसतं म्हणजे भात नसतं. दिवाळीच्या सुमाराला भात कापून झालं, त्यामागून वाल निघाले, की राईची शेतं उघडी पडत, आणि त्या उघड्या जमिनीवर लव्हाळा माजे. वर बघावं तर गवताची चार पाती. खाली मात्र एकाला एक जोडलेल्या काळ्या गाठी, तुटलेल्या माळेच्या मण्यांसारख्या. पातं उपटलं तर पातंच हातात येतं, गाठ जमिनीत राहते, आणि पाऊस पडला की एका गाठीचे दहा लव्हाळे होतात. भाताचा घास पहिला तोच खातो. म्हणून उन्हाळ्यात कुदळीनं माती उलटायची, खुरप्यानं फोडायची आणि गाठी एकेक करून वेचायच्या. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. त्यासाठी राईत सावड होती.

सावड म्हणजे आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या शेतात. मजुरी नाही, आमंत्रण नाही, उपकार नाही. ज्याचा दिवस घेतला त्याला दिवस द्यायचा, बस. एक रीत मात्र कडक पाळत. शेताच्या मालकानं किंवा मालकिणीनं पहिलं खुरपं मारल्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या शेतात पाय टाकायचा नाही. सासू आजारी असो की घरात पाहुणे असोत, मालकीण आली नाही तर सगळी माणसं बांधावर बसून राहत.

श्रीपती आईबरोबर सावडीला जाऊ लागला तेव्हा अकरा घरं होती. गलका असा, की खाडीपलीकडे ऐकू जावा. पुढं त्याचं लग्न झालं, जीवन नावाचा मुलगा झाला, जीवन कॉलेजात असताना बायको काविळीनं गेली. आणि त्याच सुमाराला सावडीतली घरंही एकेक करून गळू लागली. कुणी मीरा रोडच्या कारखान्यात लागला, कुणी जागा बिल्डरला देऊन फ्लॅटात गेला. त्यांच्या शेतांना तारेची कुंपणं पडली, सोसायट्यांच्या पाट्या लागल्या, आणि कुंपणाआड लव्हाळ्याला रान मोकळं झालं. तो तारेखालून सरपटत उरलेल्या शेतांत येई. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास सावडीत दोनच घरं राहिली. एक श्रीपतीचं, दुसरं त्याच्या बांधाला बांध असलेलं आनंदीचं.

आनंदी म्हणजे रामूची बायको. रामू श्रीपतीचा लहानपणापासूनचा सोबती. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेला त्या उन्हाळ्यात सावडीनं आनंदीचं शेत वेचून दिलं आणि सांगितलं, बाय, हे दिवस फेडायला नको, तुझ्यावर वेळ आलेली आहे. सुतकातल्या घराला तसं सांगण्याची पद्धत होती. आनंदीनं मान डोलावली. मग लहानग्या लेकाला, ईश्वरला, पाठीशी बांधून तिनं त्याच वैशाखात एकेका घराचा दिवस फेडला. कुणी नको म्हटलं तर ती बांधावर उभी राही, मालकिणीनं खुरपं मारेपर्यंत हलतच नसे.

एरवी वर्षभर श्रीपतीचं आणि तिचं बोलणं होत नसे. म्हातारा होत चाललेला विधुर, कारणावाचून विधवेच्या ओटीवर कशाला जाईल? मासळीवाल्या बाईपाशी गाठ पडली तर तो म्हणे, "बरं हाय ना वयनी?" ती पदर सारखा करून म्हणे, "बरं हाय." तेवढंच. पण वैशाखात गोष्ट वेगळी. अकरा घरांनी एका दिवसात उरकायचं काम दोघांना पुरं पंधरवडाभर पुरे. काम वाढलं, आणि त्याचं श्रीपतीला जराही वाईट वाटत नसे.

ती बोले, तो ऐके. सुनेचं, बोंबलाच्या भावाचं, वरसाव्याला दिलेल्या लेकीचं. सगळ्यात मजा यायची ती लव्हाळ्याशी भांडताना. गाठींचा मोठा जमाडा निघाला की ती त्याला गाव सोडून गेलेल्या एखाद्या बाईचं नाव द्यायची. "ये गो जमने. तू गेलीस तिसऱ्या माल्यावर, न तुजी पोरां ठेवलीस माज्या बोडक्यावर." हे ती इतक्या गंभीरपणे म्हणे की श्रीपतीच्या हातातलं खुरपं थांबे. मग दुपारी बांधावरच्या भेंडाच्या झाडाच्या सावलीत तांदळाची भाकरी, तिची सुक्या बोंबलाची चटणी, त्याची कैरी. जेवण झालं की दोघं आपापल्या घरी. बाकीच्या वर्षात त्याच्याशी इतकं कुणी बोलत नसे. मुलगा रविवारी येई, तब्येत विचारी, घड्याळ बघे.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात ईश्वरनं त्याला नाक्यावर गाठलं. ईश्वर टेम्पो चालवायचा. पोरगा साधा, आईवर जीव असलेला. त्यानं सांगितलं की आईचे गुडघे पार गेलेत, डॉक्टरनं उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलंय, आणि ती ऐकत नाही. "काका, यंदा तिला सावडीला येऊ देऊ नका. माझं ती ऐकनार न्हाय. तुमी नको बोललात तर ऐकल."

श्रीपती बरं म्हणाला आणि घरी आला. त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. ती आली तर तिचे गुडघे जाणार, न आली तर त्याचा वैशाख जाणार. आणि त्यानं नको म्हटलं तरी स्वतःच्या शेतात ती एकटी बसून गाठी वेचणार, हे तर दिसतच होतं. बरेच दिवस त्यानं हे मनात घोळवलं. मग त्याला वसईच्या बाजारातलं ते दुकान आठवलं, जिथं बियाणं आणि औषधं मिळतात. तिथं तण मारायचं औषध आलंय असं तो ऐकून होता.

त्याच्या मनातलं चित्र असं होतं. औषधानं लव्हाळा मरेल. वाकायचं, बसायचं काम उरणार नाही. आनंदी आपली चटणीभाकरी घेऊन येईल, भेंडाखाली पाय लांब करून बसेल आणि गेलेल्या घरांना नावं ठेवील. लव्हाळा जाईल आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहील, असं तो धरून चालला. इतकी वर्षं सावडीत काढलेल्या माणसानं असं धरून चालावं, हे नवलच.

दुकानदारानं बाटली दिली, पाठीवरचा पंप भाड्यानं दिला आणि चार गोष्टी सांगितल्या. पाणी विहिरीचं, नितळ घ्या, गढूळ पाण्यात औषध वाया जातं. वारा नसताना मारा. गुरं सोडू नका. आणि तण हिरवंगार, वाढीला लागलेलं हवं, सुकलेल्या पात्यावर औषध चढत नाही. ते पात्यातून खाली गाठीत उतरतं, म्हणून पातं जिवंत पाहिजे. श्रीपतीनं विचारलं, माझ्याकडं जमीन भेगाळलीय, लव्हाळा अर्धा करपलाय, त्याचं काय? दुकानदार म्हणाला, मग आधी पाणी द्या, जोमानं वाढू द्या, मग मारा. आणि एवढ्यानं संपेल असं समजू नका, खालच्या निजलेल्या गाठी पुन्हा फुटतील तेव्हा दुसरा हात लागेल. त्यासाठी बाटलीत उरेल तेवढं ठेवा.

चहावाल्या बबनकडं पाणी खेचायचं एक जुनं डिझेल इंजिन होतं. श्रीपतीनं ते मागितलं आणि तळ्याचं पाणी शेतात सोडलं. त्याच सुमाराला आनंदी नातवाच्या बारशाला वरसाव्याला गेली होती आणि लेकीनं तिला ठेवून घेतलं होतं. लव्हाळा काही बांध ओळखत नाही, एका बाजूला मारून दुसऱ्या बाजूला ठेवला तर मारण्यात अर्थ नाही, असा विचार करून श्रीपतीनं बांध थोडा फोडला आणि पाणी तिच्याही शेतात जाऊ दिलं.

चैत्राच्या उन्हात रिकाम्या शेताला पाणी देणारा माणूस राईनं आजवर पाहिला नव्हता. बबन मुद्दाम बघायला आला. लुंगी गुडघ्यावर घेऊन बांधावर बसला. मग म्हणाला, "श्रीपत, लवाल्याला पानी घालतंस ता बरा हाय. खत कवा घालतंस?"

"घालीन. तुज्या चायचा चोथा दे."

"चोथा कशाला, दूधच नेस की. बालंतिनीला देतांव तसा."

चार दिवस नाक्यावर हाच विषय होता. लव्हाळा मात्र कधी नव्हे असा पोसला. पाती हिरवीगार, तुकतुकीत झाली. इतकी की ती मारायची म्हणून श्रीपतीला जरा वाईटही वाटलं.

वारा पडलेला असतो म्हणून त्यानं सकाळची वेळ निवडली. तोंडाला पंचा बांधला, शेताच्या कडेच्या विहिरीचं पाणी भरून पंप पाठीवर घेतला आणि ओल्यात पाय पडू नये म्हणून मागं मागं सरकत फवारा मारत गेला. एका हातानं दांडा वरखाली, दुसऱ्या हातानं नळी. खाडीकडून भरतीचा वास येत होता, कुठं माणूस नव्हता. उन्हं येईपर्यंत त्याचं शेत झालंसुद्धा. ज्या कामाला पंधरवडा लागायचा ते चहा गार व्हायच्या आत संपलं.

बांधाशी येऊन तो थांबला. पलीकडं आनंदीचं शेत. पाण्यापर्यंत ठीक होतं, पाणी आपलं आपण गेलं होतं. आता पाय टाकायचा तर मालकीण बांधावर नव्हती, पहिलं खुरपं पडलं नव्हतं. तो थोडा वेळ पंपाचं ओझं पाठीवर घेऊन तसाच उभा राहिला. मग त्यानं मनाशी म्हटलं, आज खुरपं आहेच कुठं, हा तर पंप आहे. आणि तो बांध ओलांडून गेला.

आठवडाभर काहीच झालं नाही. बबन म्हणे, लव्हाळ्यानं बाळसं धरलंय. मग शेंडे पिवळे पडले, पिवळेपण खाली उतरलं आणि एके दिवशी दोन्ही शेतं जुन्या गोणपाटासारखी तपकिरी दिसू लागली. श्रीपती संध्याकाळी बांधावर जाऊन ते बघत उभा राहायचा. आनंदी येईल तेव्हा काय म्हणेल, याचीच त्याला घाई झाली होती. जमनीच्या पोरांना खांदा दिला का, असं काहीतरी म्हणेल.

ती आली ती लंगडत. ईश्वरचा टेम्पो रस्त्याला लावलेला, आणि ती एकटीच शेताकडं निघालेली. श्रीपतीनं लांबूनच बघितलं आणि तो बांधावर जाऊन उभा राहिला. तिनं आपलं शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. कोपऱ्यातल्या ओलीला उन्हाळ्यात घोळ उगवायची, ती भाजी ती खुडून नेई. ती त्या कोपऱ्यापाशी गेली. तिथंही सगळं तपकिरी.

"कुनी केला?"

"मी. औषध मारला, वयनी. ईश्वर बोलला तुमचं गुडगं दुखतंत."

"भाजीपन गेली."

"ती येल परत."

तिनं वाकून एक पातं उपटलं. ते अलगद हातात आलं. ते टाकून तिनं हात पदराला पुसला. "मी न्हवती न तुमी माज्या शेतान पाय टाकलाव."

ती पुढं म्हणाली, "आता माज्यावर तुमचं किती दिवस झालं?"

"कसलं दिवस? येका सकालचा काम. त्याचा काय फेडाचा! फेडायला नको."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला कळलं. हे तिला याआधी एकदाच सांगितलं गेलं होतं. ते सावडीतल्या घरांनी रामूच्या सुतकात सांगितलं होतं, आणि त्यांत श्रीपतीचंही घर होतं. तेव्हा तिनं ते मोडून काढलं होतं. आता ते मोडून काढायला तिच्याकडं गुडघे नव्हते, आणि त्याच्या शेतात काम नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती टेम्पोकडं परत गेली. चालताना तिला त्रास होत होता, पण तिनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही.

तो वैशाख फार लांबला. सकाळी सवयीनं श्रीपतीला जाग यायची, तो शेतावर जायचा, आणि तिथं करण्यासारखं काही नसायचं. भेंडाखाली बसावं तर लोक बघतात असं वाटे, आणि बघायला तर कुणीच नसे. एकदोनदा त्यानं दोन माणसांपुरती कैरी नेली आणि तशीच परत आणली. रविवारी जीवन आला. शेत बघून तो खरंच खूश झाला. "बघा बाबा, मी म्हणत होतो ना? आता एकट्यानं होतंय सगळं. कुणाची वाट बघायला नको." बापाला बरं वाटावं म्हणूनच तो बोलला होता. मग आग्रह करून घरी घेऊन गेला. सून उर्मिला मायेची होती. तिनं त्याच्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकली, दोन वेळा कॉफी दिली, टीव्ही लावून दिला. दोन दिवस राहून तो राईला परतला.

परतल्यावर बघतो तर शेतात हिरव्या सुया. मोठ्या गाठी मेल्या होत्या, पण खोल निजलेल्या जाग्या झाल्या होत्या, दुकानदारानं सांगितल्यासारख्या. दाट नव्हत्या, इथं एक, तिथं एक. श्रीपतीला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. अर्धी बाटली घरात होती. त्यानं ती उचलून कौलांखालच्या फळीवर मागं सारली, अंगात धुतलेला सदरा घातला आणि आनंदीच्या घराकडं निघाला.

सावडीत हाक मारायची पद्धत नव्हती. दिवस कुणाचा कुणावर आहे ते सगळ्यांना ठाऊक असे. दिवस मागायला कुणाच्या दारात जाणं म्हणजे कमीपणा. आनंदी ओटीवर जवळा निवडत बसली होती. आत सून वावरत होती. श्रीपती पायरीखालीच उभा राहिला आणि म्हणाला की लव्हाळा परत आलाय.

"औषध सपला?" तिनं वर न बघता विचारलं.

"अर्दी बाटली हाय."

"मग मारा की."

"बाटली नको. मना तुमचा दिवस पायजे, वयनी."

तिचे हात थांबले. आतून सुनेची भांडी वाजायची थांबली. आनंदीनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "येन," ती म्हणाली. "माज्यावर हाय तो."

दुसऱ्या दिवशी ती आली. बसायला घरचा लाकडी पाट घेऊन आली होती. श्रीपतीनं पहिलं खुरपं मारलं, ती बांधावरून उतरली आणि पाट टेकून बसली. एक जागा झाली की हातानं जमिनीला रेटा देऊन उठायची, पाट पुढं सरकवायची, परत बसायची. पाट सरकवायला श्रीपती दोनदा पुढं झाला, आणि तिनं दोनदा त्याला मानेनंच नको म्हटलं. काम पूर्वीसारखंच नीट, एकही गाठ मागं न ठेवणारं. पण ती बोलत नव्हती. एका ठिकाणी चांगली मूठभर गाठींची माळ निघाली. श्रीपती तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं माती झटकली आणि ती माळ ढिगावर टाकली. नाव दिलं नाही.

दुपारी भाकरी सोडताना तिनं सांगितलं. शेत दिलं होतं. ईश्वरच्या मागं एक बिल्डर चार वर्षं लागला होता, आणि चार वर्षं ती नाही म्हणत होती. वरसाव्याहून आली त्याच दिवशी तिनं हो म्हटलं. कागद झाले होते.

श्रीपतीचा घास हातात राहिला. त्यानं विचारलं, इतकी वर्षं नाही म्हणालात ते कशासाठी?

"भातासाठी न्हाय. भात ईश्वर पोत्यानं आनतो." ती भेंडाच्या बुंध्याला टेकली. "शेत हाय म्हून सावड. सावड हाय म्हून मी हितं येतंय, बसतंय, बोलतंय. शेत नसला तं कंच्या तोंडानं येऊ? तुमी येका सकाली सगला केलाव. मना वाटला, आता यांना मानूस नको."

खाडीवरून वारा सुटला होता. श्रीपतीनं भाकरी फडक्यात परत ठेवली. आयुष्यात तो फार बोललेला माणूस नव्हता, आणि जे बोलायचं ते त्याला कधी वेळेवर सुचलेलंही नव्हतं. "मीपन त्याच्यासाठीच ठेवलाय," तो म्हणाला. "हा शेत. माज्या पोराच्या घरान माज्या तांदलाला किडं लागतंत."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "मग आदी सांगाचा."

"तुमीपन न्हाय सांगितलाव."

तिला हसू आलं. पूर्वीचं नव्हे, पण आलं. त्या हसण्यानं श्रीपतीला धीर आला आणि त्यानं मनात आलं ते बोलून टाकलं. त्याच्या शेताचा विहिरीकडचा तुकडा तिनं लावावा. मध्ये बांध घालू. मग दोन शेतं होतील, दोन मालक होतील, सावड चालू राहील.

"लोकं काय बोलतील?"

"लोकं ऱ्हायलीत कुटं, वयनी?"

तिनं खरोखरच चहूकडं बघितलं. तारेची कुंपणं, पाट्या, त्यांमागं लव्हाळा. लांब एका इमारतीच्या गच्चीवर कुणी कपडे वाळत घालत होतं. मग तिनं मान हलवली. "दिलेल्या शेतान सावड व्हत न्हाय, भावजी. ती मजुरी व्हते. मी तुमच्या शेतान मजूर म्हून येऊ?"

तिनं पाट उचलला आणि उन्हातच पुन्हा कामाला बसली. एरवी उन्हं चढली की काम थांबे, पण त्या दिवशी ती थांबली नाही. घेतलेली ओळ तिनं पार विहिरीपर्यंत नेली. शेवटच्या गाठी ढिगावर टाकून ती उठली तेव्हा तिला सरळ व्हायला वेळ लागला.

"फिटला," ती म्हणाली. पाट काखेत घेऊन बांधाबांधानं गेली.

पावसाआधीच तिच्या शेतात भराव पडला. मुरुमाचे ट्रक श्रीपतीच्या बांधाला घासून जात, आणि ईश्वर मध्ये उभा राहून ड्रायव्हरांवर ओरडे, काकांचा बांध सांभाळा म्हणून. श्रीपतीनं त्या वर्षी भात लावलं. पुढच्या वर्षीही लावलं. कुणी विचारलं तर घरचा तांदूळ बरा लागतो, हेच सांगितलं. त्याच्यावर आता कुणाचा दिवस नव्हता, आणि त्याचा दिवस कुणावर नव्हता. त्याच्या घराण्यात असा मोकळा माणूस पहिल्यांदाच झाला असेल.

पुढच्या चैत्रात त्यानं वसईहून नवी बाटली आणली, पाणी दिलं, लव्हाळा पोसला, आणि एका सकाळी मारून टाकला. थोड्या दिवसांनी दुसरा हातही दिला, अगदी सांगितल्याप्रमाणे. मग पंप परत केला आणि कपड्यांची पिशवी घेऊन वैशाखभर जीवनकडं राहायला गेला. उर्मिलानं गॅलरीत खुर्ची टाकली. शेजारची बाई वाळवण घालता घालता आपुलकीनं विचारत होती, की आजोबा, तुमची गावाला शेती आहे म्हणतात, मग उन्हाळ्यात तिकडं काही काम नसतं का?

"आता नसतं," श्रीपती म्हणाला. "औषध आलंय."